पूर ओसरल्यानंतर भिंतींचे काय? चेन्नईचा अनुभव

डिसेंबर २०१५ च्या पहिल्या दोन दिवसांत चेन्नई व परिसरात झालेल्या पावसाने अड्यार नदीने पात्र सोडले. तांबरम येथे २ डिसेंबरच्या सकाळपर्यंतच्या २४ तासांत ४९ सेंटिमीटर पावसाची नोंद झाली. चेंबरंबाक्कम जलाशयातून नदीत सोडण्यात येणाऱ्या पाण्याचा विसर्ग २९ हजार घनफूट प्रतिसेकंदांवर गेला आणि कोट्टूरपुरम, सैदापेट, जाफरखानपेट, मुडिचूर या भागांतील असंख्य घरांचे तळमजले पाण्याखाली गेले. काही दिवसांत पाणी ओसरले. घरे धुण्यात आली, भिजलेल्या गाद्या व फुगलेली कपाटे रस्त्याच्या कडेला टाकण्यात आली. भिंतीवर पाण्याची रेघ तेवढी उरली. त्या रेघेखाली, वरून न दिसणारे असे बरेच पाणी भिंतीतच राहिले होते.

पोंगलचा सण अवघ्या सहा आठवड्यांवर आला होता. १४ जानेवारी २०१६ रोजी भोगी आणि दुसऱ्या दिवशी पोंगल. संक्रांतीच्या आदल्या दिवसाला महाराष्ट्रातही भोगीच म्हणतात. तमिळनाडूत मात्र हा दिवस जुने टाकून देण्याचा असतो आणि त्याआधी घर झाडून, भिंतींना चुना किंवा रंग लावून घेण्याची रीत आहे. पाणी शिरलेल्या पक्क्या घरांसाठी पाच हजार रुपये आणि झोपडी गमावलेल्या कुटुंबांसाठी दहा हजार रुपये अशी मदत राज्य शासनाने जाहीर केली होती. या रकमेत घराची रंगरंगोटी एकदाच होऊ शकते, तीही जेमतेम. ओल्या भिंतीवर दिलेला रंग उन्हाळ्याच्या तोंडी पोपडे होऊन गळू लागला, तर पुन्हा पैसे आणायचे कोठून, हा प्रश्न अशा कुटुंबापुढे उभा राहतो. म्हणून रंग कोणता द्यावा यापेक्षा तो केव्हा द्यावा, हे अधिक महत्त्वाचे ठरते.

मुंबईत २६ जुलै २००५ नंतर, सांगली-कोल्हापुरात २०१९ मध्ये आणि चिपळुणात २०२१ मध्ये हाच प्रश्न हजारो घरांना पडला होता. चेन्नईच्या हवामानामुळे तो तेथे अधिक बिकट होतो, इतकेच.

भिंतीत किती पाणी मुरते?

वीट घट्ट दिसत असली तरी तिच्या अंगात केसासारख्या सूक्ष्म वाहिन्यांचे जाळे असते. बांधकामाच्या सामान्य विटेने २४ तास पाण्यात ठेवल्यानंतर आपल्या वजनाच्या २० टक्क्यांहून अधिक पाणी शोषू नये, असे भारतीय मानक सांगते. म्हणजे मानकात बसणारी, सुमारे तीन किलोची चांगली वीटही अर्ध्या लीटरहून अधिक पाणी पिऊ शकते. नऊ इंची भिंतीच्या एका चौरस मीटरचे वजन चारशे किलोच्या आसपास भरते. त्यात दहा टक्के ओल धरली, तरी ते पाणी चाळीस लीटर होते. खोलीच्या चारही भिंती कमरेइतक्या पाण्यात राहिल्या असतील, तर त्यांत मुरलेले पाणी बादल्यांनी मोजावे लागेल.

हे पाणी दोन टप्प्यांत बाहेर पडते. पहिल्या टप्प्यात पृष्ठभाग ओला असतो, पाणी आतून सहज पुढे सरकते आणि हवेत उडून जाते. हा टप्पा लवकर संपतो. गिलावा पांढरट दिसू लागतो, हाताला कोरडा लागतो आणि घरातील मंडळी रंगाऱ्याला निरोप धाडतात. वास्तविक याच वेळी दुसरा आणि खूप संथ टप्पा सुरू झालेला असतो. पाणी आता भिंतीच्या पोटात असते आणि वाफेच्या रूपाने विटेच्या छिद्रांतून वाट काढत ते बाहेर येते. भिंतीच्या दर इंच जाडीमागे साधारण एक महिना, असा वाळण्याचा एक जुना ठोकताळा बांधकाम क्षेत्रात प्रचलित आहे. तो थंड हवेच्या देशांतून आलेला असल्याने आपल्याकडे जसाच्या तसा लागू होईल असे नाही. परंतु नऊ इंची भिंत दोन-तीन आठवड्यांत वाळत नाही, हे त्यावरून ध्यानात येते.

हाताच्या स्पर्शावर विसंबू नये, ते यासाठीच. त्याऐवजी एक सोपी चाचणी घरच्या घरी करता येते. दीड फूट लांबी-रुंदीचा पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा भिंतीवर ठेवून त्याच्या चारही कडा चिकटपट्टीने घट्ट बंद कराव्यात व तो एक दिवस-रात्र तसाच राहू द्यावा. प्लास्टिकच्या आतल्या बाजूला, म्हणजे भिंतीकडे, पाण्याचे थेंब जमले किंवा तेथील गिलावा गडद झाला, तर ओल भिंतीत आहे. थेंब खोलीच्या बाजूला असतील, तर ते हवेतील दमटपणाचे होत. पंधरा-पंधरा दिवसांनी, दर वेळी वेगळ्या उंचीवर ही चाचणी केली असता भिंत वाळत चालली आहे की नाही, ते समजते.

पहिले पंधरा दिवस

घरात परतल्यावर भिंतींकडे वळण्यापूर्वी विजेचा विचार करावा लागतो. हल्लीच्या घरांत तारा भिंतीतून नेलेल्या नळ्यांत असतात. पुराचे पाणी या नळ्यांत आणि खटक्यांच्या पेट्यांत साचते व खोली कोरडी झाल्यानंतरही तेथेच राहते. ओली भिंत अशा वेळी विजेचा धक्का देऊ शकते. पाण्यात गेलेला प्रत्येक खटका उघडून, वाळवून, जाणत्या वीजतंत्रीकडून तपासून घेतल्याखेरीज मुख्य खटका सुरू करणे धोक्याचे असते. तळघरात पाणी साचले असेल तर ते एका दमात उपसणेही इष्ट नव्हे. बाहेरची माती पाण्याने जड झालेली असते. आतील पाण्याचा आधार एकाएकी निघून गेल्यास मातीचा दाब भिंतीवर येतो. पाणी रोज थोडे थोडे कमी करावे.

त्यानंतर चिखल काढावा. गाळ ओला असतानाच स्वच्छ पाण्याने धुऊन काढावा, कारण वाळल्यावर तो गिलाव्याच्या छिद्रांत घट्ट बसतो आणि भिंतीचा श्वास कोंडतो. आधीच भिजलेल्या भिंतीवर पुन्हा पाणी मारणे विचित्र वाटेल. पण शहरातील पूर म्हणजे सांडपाणी मिसळलेला पूर असतो आणि ते धुऊन निघणे आरोग्याच्या दृष्टीने आवश्यक असते.

मग गिलावा तपासण्याची पाळी येते. लाकडी दांड्याने किंवा नाण्याने भिंतीवर हलकेच टकटक करीत गेल्यास, जेथे गिलावा विटेपासून सुटला आहे तेथे पोकळ आवाज येतो. तेवढा भाग पाण्याच्या रेघेच्या फूटभर वरपर्यंत काढून टाकणे योग्य, कारण पाणी रेघेच्या वरही चढलेले असते. सिमेंटचा गिलावा पक्का असेल तर तो उगाच फोडण्याचे कारण नाही. जिप्समचा किंवा प्लास्टर ऑफ पॅरिसचा थर मात्र पाण्याने मऊ पडतो आणि बहुधा काढावाच लागतो. भिंतींना लागून असलेली कपाटे, लाकडी पट्ट्या आणि भिंतीवरचा कागद हे सारे दूर करावे. ओले लाकूड वाळवीला आमंत्रण देते.

बुरशी फार थांबत नाही. भिजलेल्या पृष्ठभागावर एक-दोन दिवसांतच ती धरू लागते आणि खोलीला कुबट वास येतो. दमट, बुरशी धरलेल्या घरांत राहणाऱ्यांना श्वसनाचे विकार व दमा यांचा त्रास अधिक होतो, असा निष्कर्ष जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मधील आपल्या मार्गदर्शक पुस्तिकेत नोंदविला आहे. घरात लहान मूल किंवा दम्याचा रुग्ण असेल, तर भिंत हा केवळ शोभेचा प्रश्न राहत नाही. बुरशी कोरडी झाडल्यास तिचे बीजकण खोलीभर उडतात; म्हणून ती ओल्या फडक्याने, नाकातोंडावर कापड बांधून पुसावी. ब्लीचिंग पावडरचे पाणी वापरताना खिडक्या उघड्या ठेवाव्यात आणि त्यात अमोनिया असलेले किंवा आम्लयुक्त द्रव मिसळू नयेत, कारण त्यातून विषारी वायू निघतो. ही पावडर फरशीसाठी उपयुक्त असली, तरी सच्छिद्र गिलाव्यात खोल गेलेली बुरशी तिने मरत नाही. शिवाय तिचे क्षार भिंतीत मागे राहतात आणि हवेतील दमटपणा ओढून घेतात. भिंतीवर ती बादलीने ओतण्याची प्रथा त्यामुळे फारशी हितकारक नाही.

ऑक्टोबरची उष्णता चेन्नईला मिळत नाही

महाराष्ट्रात पावसाळा संपतो आणि ऑक्टोबरचे कडक ऊन पडते. दिवाळीपूर्वी घराला रंग देण्याच्या आपल्या रिवाजामागे हे निसर्गाचे वेळापत्रक आहे. भिंती तोवर बऱ्याच वाळलेल्या असतात. जुलै-ऑगस्टमध्ये पूर आला, तरी पुढे आठ महिने कोरडे मिळतात. चेन्नईत नेमके उलटे घडते. तेथे वर्षाला सरासरी सुमारे १४०० मिलीमीटर पाऊस पडतो आणि त्यातील निम्म्याहून अधिक ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात, ईशान्य मोसमी वाऱ्यांबरोबर येतो. पूर येतो तो वर्षाच्या अखेरीस. त्यानंतरचे महिने तेथील सर्वांत थंड. शहर समुद्रकाठचे असल्याने हवाही कोरडी म्हणावी अशी क्वचितच होते.

हवा दमट असेल तर भिंत वाळणार कशी? याचे उत्तर असे की ती काही अंशी वाळतच नाही. कोणतीही सच्छिद्र वस्तू भोवतालच्या हवेशी ओलाव्याचा समतोल साधून राहते. त्यामुळे खिडक्या दिवसरात्र उघड्या टाकण्याचा सल्ला चेन्नईत नेहमीच लागू पडत नाही. उन्हे चढल्यानंतर, दुपारी हवा तुलनेने कोरडी असते. तेव्हा समोरासमोरच्या खिडक्या उघडून पंखे लावावेत. पहाटे व पावसाळी दिवशी त्या बंद ठेवाव्यात. ज्या घरात वातानुकूलन यंत्र आहे, तेथे ते दारे-खिडक्या बंद करून चालविल्यास हवेतील पाणी खेचून बाहेर टाकते. शेगडी किंवा हीटर लावून भिंत झटपट तापविण्याचा मोह टाळावा. पृष्ठभाग आक्रसून गिलाव्याला भेगा पडतात आणि आतील ओल तशीच राहते.

पूर डिसेंबरच्या आरंभी आला आणि भिंतीवर काही आच्छादन नसले, तर चेन्नईत मार्च ते मे या महिन्यांत भिंतीला खरी सवड मिळते. रंगासाठी तोवर थांबणे श्रेयस्कर. पोंगलसाठी घर उजळ दिसावे, ही इच्छाही काही अवाजवी नाही. त्यावर तोडगा जुनाच आहे, तो म्हणजे साधा चुना. चुन्याची सफेदी स्वस्त असते, तिच्यातून वाफ आरपार जाते आणि तिच्या तीव्र अल्कधर्मामुळे बुरशीला काही काळ आळा बसतो. पुढे कायमचा रंग द्यायचा झाल्यास ती खरडून काढता येते. डिस्टेंपर आणि प्लास्टिक इमल्शन यांची गोष्ट वेगळी. विशेषतः इमल्शनचा थर भिंतीवर पातळ पडद्यासारखा बसतो. आतील वाफ त्याच्यामागे अडते, पडदा फुगतो आणि फुटतो.

लोणा

ओल गेली तरी क्षार जात नाहीत. विटेत, वाळूत, सिमेंटमध्ये आणि जमिनीतील पाण्यात विरघळलेले क्षार ओलाव्याबरोबर पृष्ठभागाकडे येतात. पाणी उडून जाते, क्षार मागे राहतात व त्यांचे स्फटिक होतात. भिंतीवर पांढरी, कापसासारखी भुकटी दिसू लागते. यालाच भिंतीला लोणा लागणे म्हणतात. (जुन्या काळी मातीच्या भिंतींवरचा असा क्षार गोळा करून त्यातून बंदुकीच्या दारूसाठी सोरा काढला जात असे. घरमालकाच्या नुकसानीत कोणाचा तरी फायदा होता म्हणायचा!) भुकटी वरच्या वर आली तर दिसायला वाईट, एवढेच, परंतु स्फटिक गिलाव्याच्या किंवा रंगाच्या थराखाली तयार झाले, तर वाढताना ते वरचा थर उचलतात. पोपडे सुटतात आणि विटेची धारही भुरभुरू लागते.

चेन्नईत लोण्याला खतपाणी घालणारी कारणे अनेक आहेत. शहराच्या उत्तरेस मिंजूर परिसरात भूजलात समुद्राचे पाणी शिरल्याची नोंद अनेक दशकांपूर्वीच झालेली आहे. किनाऱ्यालगत विहिरीचे किंवा कूपनलिकेचे मचूळ पाणी बांधकामाला वापरले गेले, अथवा नीट न धुतलेली खारी वाळू गिलाव्यात गेली, तर क्षार पहिल्या दिवसापासून भिंतीतच असतात. पुराच्या पाण्यात सांडपाणी असल्याने त्यात नायट्रेटांची भर पडते. क्लोराइड आणि नायट्रेट यांचे काही क्षार हवेतील दमटपणा स्वतःच शोषून घेतात. म्हणून काही भिंती पाऊस नसतानाही ढगाळ दिवशी ओल्या दिसतात आणि ऊन पडले की कोरड्या. अशा वेळी छतावर गळती शोधण्यात व्यर्थ वेळ जातो.

लोणा कोरड्या ब्रशने झाडावा, भुकटी गोळा करून घराबाहेर टाकावी व काही आठवड्यांनी पुन्हा तसेच करावे. पाण्याने धुतल्यास क्षार विरघळून पुन्हा भिंतीत शिरतात. ही चूक सर्रास होते. क्षार फारच असतील, तर चुन्याचा मऊ, सच्छिद्र गिलावा चढवून त्यात ते येऊ द्यायचे आणि वर्ष-दोन वर्षांनी तो गिलावाच काढून टाकायचा, ही पद्धत जुन्या वास्तूंच्या जतनात वापरली जाते. बाजारात मिळणारी जलरोधक पुट्टी व आतून लावावयाचे जलरोधक रंग यांच्या जाहिराती आकर्षक असतात. भिंतीला पाणी बाहेरून येत असेल, तर आतून केलेला अडसर ते पाणी फक्त दुसरीकडे वळवतो. पूर्वी गुडघ्याच्या उंचीवर असलेली ओल मग छातीच्या उंचीवर दिसू लागते.

गवंड्याचे जुने ज्ञान

सिमेंट येण्यापूर्वी हे शहर याच दमट हवेत बांधले गेले होते. शिंपल्यांपासून भाजून काढलेल्या चुन्याचा, घोटून गुळगुळीत केलेला मद्रासी गिलावा एके काळी प्रसिद्ध होता आणि त्याची तुलना संगमरवराशी केली जात असे. चेट्टीनाडमधील वाड्यांच्या भिंतींतही चुन्याच्या गिलाव्याचे अनेक थर एकावर एक घोटलेले आढळतात. चुना घाणीत मळताना त्यात हिरड्याचे पाणी व ताडगूळ घालीत, तर शेवटच्या थरांत अंड्याचा पांढरा बलक मिसळीत. गूळ आणि हिरडा महाराष्ट्रातील जुन्या वाड्यांच्या व किल्ल्यांच्या चुन्यातही आढळतात, तेव्हा मराठी वाचकाला ही कृती परकी वाटू नये. अशी भिंत ओल घेते आणि सोडते. तिच्यावर कडक सिमेंटचा गिलावा चढवून ‘मजबुती’ आणण्याचा प्रयत्न केला की ओल आत कोंडते आणि विटा झिजू लागतात. जुन्या घराच्या दुरुस्तीत होणाऱ्या चुकांमध्ये ही चूक सर्वांत महागात पडणारी म्हणावी लागेल.

गच्चीलाही अशीच परंपरा होती. सागवानी तुळयांवर पातळ विटा चुन्यात उभ्या रचून केलेल्या छताला ‘मद्रास टेरेस’ असे नाव पडले. आजच्या काँक्रीटच्या छतावरही चेन्नईत विटांच्या तुकड्यांचा आणि चुन्याचा थर देऊन वर भाजलेल्या मातीच्या चपट्या फरशा बसवितात. मुंबई-पुण्यातील विटांच्या कोब्याचा हा चुलतभाऊ. फरशांचे सांधे उघडे पडले किंवा उतार बिघडून पाणी साचू लागले की ओल वरून उतरते.

ओल येते कोठून?

पुराचे पाणी हे उघड कारण झाले. पण पुष्कळदा पूर हे निमित्त ठरते आणि आधीपासूनचे दुखणे त्यानंतर दिसू लागते. जोत्यापासून दोन-तीन फुटांपर्यंत सलग पट्टा ओला असेल, तर पाणी जमिनीतून चढत आहे. जोत्याच्या माथ्यावर ओल रोखणारा डांबराचा किंवा दाट काँक्रीटचा थर एक तर घातलेलाच नाही, किंवा तो निकामी झाला आहे, असा त्याचा अर्थ होतो. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपा डाग उतरत असेल, तर छज्जा व चौकटीचा सांधा पाहावा. न्हाणीघराच्या पलीकडच्या भिंतीवरचा डाग कोरड्या ऋतूतही कायम राहिला, तर नळ किंवा फरशीचे सांधे गळत आहेत. सदनिकांच्या इमारतींत वरच्या मजल्यावरील शेजाऱ्याशी वादाला येथूनच तोंड फुटते. कपाटामागे तेवढी बुरशी आढळली, तर बहुधा तेथे हवा खेळत नाही, एवढेच कारण असते आणि कपाट वीतभर पुढे ओढल्याने काम भागते.

छताच्या खालच्या बाजूने गिलावा सुटून आतील सळई तांबूस दिसू लागली, तर मात्र प्रकरण रंगाऱ्याच्या हातचे राहत नाही. लोखंड गंजले की त्या गंजाचे आकारमान मूळ लोखंडाच्या दोन ते सहा पट होते आणि भोवतालचे काँक्रीट फुटते. खाऱ्या हवेत हे अधिक वेगाने घडते. धातूंच्या गंजण्यावर संशोधन करणारी केंद्रीय विद्युतरासायनिक संशोधन संस्था तमिळनाडूतच, कारैकुडी येथे आहे. चुन्याच्या वाड्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या चेट्टीनाडच्या अगदी मध्यभागी. गंजलेली सळई तशीच ठेवून वरून सिमेंट थापले, तर काही काळाने तेही गळून पडते. सळई घासून, गंजरोधक लेप देऊन आणि खराब काँक्रीट पूर्ण काढूनच दुरुस्ती करावी लागते. ही दुरुस्ती स्थापत्य अभियंत्याच्या देखरेखीखाली व्हावी.

भेगांचेही तसेच. गिलाव्यावरील केसाएवढ्या भेगा सर्वत्र असतात. पण भिंतीतून तिरपी जाणारी, विटांच्या सांध्यांतून पायऱ्यांसारखी चढत जाणारी किंवा दिवसागणिक रुंदावणारी भेग दिसली, तर घर सोडणे शहाणपणाचे. २७ डिसेंबर २०२१ रोजी उत्तर चेन्नईतील तिरुवोत्तियूर येथे सुमारे तीन दशके जुनी, २४ घरांची सरकारी वसाहतीतील इमारत कोसळली. भेगा पाहून रहिवासी आधीच बाहेर पडले होते. एकही जीव गेला नाही. वाढत्या भेगेवर पेन्सिलीने खूण करून शेजारी तारीख लिहिणे हा तिच्यावर लक्ष ठेवण्याचा सर्वांत स्वस्त उपाय आहे.

डिसेंबर २०२३ मध्ये मिचाँग चक्रीवादळाच्या वेळी एन्नोर परिसरात पुराच्या पाण्याबरोबर तेल घरांत शिरले आणि भिंतींवर काळा पट्टा उमटला. तेल शोषलेल्या गिलाव्यावर चुना धरत नाही आणि रंगही. साबणाच्या पाण्याने वरचे तेल निघते. आत गेलेल्या तेलासाठी गिलावा काढण्यावाचून गत्यंतर नसते. त्या वर्षी शासनाने बाधित कुटुंबांना सहा हजार रुपयांची मदत जाहीर केली होती.

घर खाली, रस्ता वर

या सगळ्या उपायांना एका गोष्टीमुळे मर्यादा पडते आणि ती घराबाहेर असते. चेन्नईत जुन्या डांबरावर नवे डांबर टाकण्याच्या पद्धतीमुळे अनेक गल्ल्यांतील रस्ते वर्षानुवर्षे उंचावत गेले. बांधताना रस्त्यापासून दोन-तीन पायऱ्या वर असलेली घरे रस्त्याच्या पातळीला आली आणि काही तर त्याखाली गेली. ओल रोखण्यासाठी जोत्यावर घातलेला थर मग जमिनीखाली गाडला जातो आणि बाहेरची ओली माती त्याला वळसा घालून थेट भिंतीला भिडते. थोड्या पावसातही रस्त्यावरचे पाणी दारात येते. तेव्हा आतून कितीही खर्च केला तरी भिंत कोरडी होत नाही. या तक्रारी लक्षात घेऊन, रस्त्याचा जुना थर खरडून काढल्याशिवाय नवा टाकू नये, असे निर्देश राज्याच्या मुख्य सचिवांनी २०२१ मध्ये दिले. पर्जन्यजल संधारण तमिळनाडूत २००३ पासून सर्व इमारतींना सक्तीचे आहे. शोषखड्डा पायाला खेटून असेल तर पावसाचे पाणी जोत्याशीच मुरते, म्हणून तो भिंतीपासून पुरेशा अंतरावर घेतलेला बरा.

ज्यांच्याजवळ पैसा आहे, त्यांनी वेगळा मार्ग पत्करला. २०१५ च्या पुरानंतर सखल भागांतील अनेक मालकांनी आपली घरे जशीच्या तशी उचलून घेतली. पायाजवळ भिंती टप्प्याटप्प्याने कापून त्यांखाली शेकडो जॅक बसवितात, सर्व जॅक एकाच वेळी थोडे थोडे फिरवीत घर तीन-चार फूट वर नेतात आणि खालच्या मोकळ्या जागेत नवे जोते बांधतात. या कामात ओल रोखणारा नवा थर घालण्याची संधी आयती मिळते. काम आठवडेच्या आठवडे चालते. उचललेल्या घराच्या अंगणात भराव घातला जातो आणि त्या अंगणात पूर्वी साचणारे पाणी पुढच्या पावसाळ्यात शेजारच्या, न उचललेल्या घराच्या जोत्याकडे वळते.